पुढे सरकवलेली सीट

दादा,

पाडव्याला घ्यायच्या गाडीचं बुकिंग मी काल रद्द केलं. शोरूमच्या त्या चष्मेवाल्याचा दोनदा फोन येऊन गेला होता. "बड़े सर ने तो गुड़ी पड़वा बोला था, डिलीवरी वही रखें?" पहिल्यांदा मी "हाँ, देखते हैं" म्हणून फोन ठेवून दिला. पंधरा दिवसांत कितीतरी लोकांना सांगितलं होतं, की आमचा दादा गेला. त्यालाच तेवढं सांगता येईना. त्याच्या लेखी तू अजून गाडी घेणार होतास.

तू कसा होतास ते बाकीचे लिहितील. डबऱ्याच्या शाळेतले मास्तर लिहितील, तुझे जुने विद्यार्थी लिहितील, इथल्या मराठी समाजाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली तिथे बोललेले लिहितील. मला तुझ्याशी पाठीबद्दल बोलायचंय. तुझ्या पाठीबद्दल, आणि मी कोणापाशी बोललो नाही त्याबद्दल. तू म्हणायचास, छोट्याच्या तोंडात शब्द नाहीत, नकाशे आहेत. घरांचे नकाशे काढून पोट भरणाऱ्या माणसाला ते शोभतंही. पण आज नकाशा काढून भागणार नाही.

आपल्या दोघांत बरोबर एका फुटाचा फरक. तू सहा फूट तीन, मी पाच फूट तीन. लहानपणी कोणी हसलं की तू म्हणायचास, आईने दोघांत मिळून साडेअकरा फूट दिले होते, मी थोरला म्हणून मोठा वाटा मारला. लोक खो खो हसायचे आणि माझ्यावरचं हसणं तुझ्यावर जायचं. हे तू मुद्दाम करायचास, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. कळल्यावरही मी तुला तसं म्हणालो नाही.

नऊ वर्षांपूर्वी तुझी बदली डबऱ्याला झाली. जाऊन-येऊन रोजचे नव्वद किलोमीटर, तेही बसमध्ये, मान वाकडी करून उभं राहून. तेव्हा दोघांनी मिळून एक गाडी घ्यायचं ठरलं. सकाळी शाळेला तू नेशील, दुपारी परतशील, आणि ऑफिसातून आल्यावर संध्याकाळी मी माझ्या साइटींवर नेईन. तू म्हणालास, "तूच बघ. तुला मशीनमधलं कळतं." मी बघितली. हरिशंकरपुरमच्या आपल्या गल्लीत एका दमात वळेल, फाटकातून आरामात आत येईल आणि माझ्या उंचीच्या माणसाला बॉनेटचं टोक दिसेल अशी. शोरूममध्ये मी सीटवर बसलो तेव्हा तुझी आठवण झाली नाही असं नाही. झाली. आणि मी मनात म्हणालो, दादा करेल ॲडजस्ट. दादा नेहमीच करतो.

घरी आणल्यावर वहिनीने गाडीला ओवाळलं, नारळ फोडला, आणि तू आत बसलास. बसलास म्हणजे घडी होऊन शिरलास. केस छताला लागून चपटे झाले, गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही अंगांना आले. सगळी गल्ली बघत होती. तू काच खाली करून म्हणालास, "छान आहे. आता शाळेत मान खाली घालून जाईन, मुलं म्हणतील सर सुधारले." सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्यात एक वाक्य बोलायचं राहिलं, की दादा, माझं चुकलं. मग ते राहतच गेलं.

नऊ वर्षं रोज सकाळी साडेसहाला मला वरच्या खोलीत एक आवाज यायचा. खट्, खट्, आणि मग एक जोरात. आदल्या संध्याकाळी मी गाडी लावायचो तेव्हा सीट माझ्या पायांच्या बेताने पुढे असायची. तू आत शिरण्याआधी ती मागे ढकलायचास, शेवटच्या खाचेपर्यंत. मला तो आवाज गजरासारखा झाला होता. तो ऐकला की मी उठून दात घासायला जायचो. एकदाही मनात आलं नाही, की आपण उतरतानाच सीट मागे सारून ठेवावी. दोन सेकंदांचं काम.

चौथ्या वर्षी तुझी पाठ गेली. तू फळ्यावर भूमितीची आकृती काढत होतास आणि तसाच वाकलेला राहिलास, सरळ होताच येईना. कंपू भागातल्या हॉस्पिटलच्या डॉक्टरने फिल्म उजेडावर धरून मणक्यांमधली सरकलेली गादी दाखवली आणि विचारलं, "मास्टर साहब, दिन भर बैठते किस पर हैं? गाड़ी कौन-सी चलाते हैं?" मी बाजूलाच तुझी फाइल धरून उभा होतो. तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. "गाड़ी तो ठीक है साहब, स्कूल की कुर्सी ख़राब है. सरकारी है." डॉक्टर हसला आणि त्याने पट्टा लिहून दिला. मी बोललो नाही. ही गोष्ट तू शाळेत सांगितली असणार, कारण पुढच्या महिन्यात स्टाफने वर्गणी काढून तुला नवी खुर्ची आणली, आणि लाजेकाजेस्तव तुला तिच्यावर बसावं लागलं. ती जुनीपेक्षा वाईट होती, असं तू वहिनीला सांगताना मी जिन्यातून ऐकलं.

या हिवाळ्यात मी हट्टच धरला, की आता गाडी बदलायची, आणि तुझ्या मापाने घ्यायची. तू म्हणालास, दोन वर्षांनी रिटायर होतोय, आता कशाला? मी ऐकलं नाही. संक्रांतीच्या सुट्टीत तुझी मिनी इंदूरहून आली होती, त्या रविवारी मी तुला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर भिंतीला टेकवून बसवलं आणि टेप काढली. बैठकीपासून डोक्यापर्यंत, पाठीपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत. वहिनी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "लग्नाच्या कोटालासुद्धा एवढं माप घेतलं नव्हतं हो यांचं."

तेव्हा एक गोष्ट कळली, जी पन्नास वर्षं बरोबर राहून मला ठाऊक नव्हती. तू पायांनी उंच नव्हतास, धडाने उंच होतास. उभा राहिलास की सगळीकडूनच लांब दिसायचास, पण बसल्यावर तुझं खरं कळायचं. म्हणजे "पाय पसरायला भरपूर जागा" असं सांगून जे गाडी विकतात त्यांचा तुला उपयोग नव्हता. तुला डोक्यावर एक मूठ मोकळी हवी होती. सीट अशा उंचीवर, की बसताना खाली पडायला नको आणि उतरताना वर चढायला नको. मांडीखाली गादी पार गुडघ्याजवळपर्यंत. आणि स्टिअरिंग जवळ ओढता यायला हवं, नाहीतर हात लांबवण्याच्या नादात पाठ सीट सोडते. हे सगळं मी वहीत रकाने पाडून लिहिलं. सनरूफवाल्या गाडीत छत खाली येतं, म्हणून त्या आधीच खोडल्या. मिनीला ते पटलं नाही. "काका, सनरूफ वालीच घ्या ना. बाबांचं डोकं बाहेर निघून जाईल, प्रॉब्लम ही ख़तम." तू तिला पाठीत धपाटा घातलास आणि स्वतःच कळवळलास.

वहीतला शेवटचा रकाना तुझ्यामुळे आला. पाठ दुखायला लागल्यापासून तू गाडीतून उतरताना एक बारीक आवाज काढायचास, "आई" आणि "हुश्श" यांच्या मधला काहीतरी. तू म्हणालास, मापं तुझी, पण परीक्षा माझी. दहा मिनिटं बसून उतरताना आवाज आला, की गाडी नापास. म्हणून मी लिहिलं, "उतरताना आवाज". आठ गाड्यांपुढे त्या रकान्यात "हो" आहे.

ते दिवस चांगले होते, दादा. शनिवारी तू शाळेतून आलास की आपण दोघं निघायचो. नव्या गाडीत तू हात चाकावर ठेवून डोळे मिटून बसायचास, जसं काही गाडी काय बोलते ते ऐकतोयस. एका ठिकाणी त्या माणसाने सांगितलं, "सर, इसमें छह फुट वाले आराम से आ जाते हैं." तू गंभीरपणे म्हणालास, "भैया, छह फुट तो मैं बैठे-बैठे हूँ." येताना आपण कुठेतरी चहाला थांबायचो आणि भांडायचो. तुझं म्हणणं, चांगली सीट असं काही नसतंच. अर्ध्या तासाने उतरून चार पावलं चालावं, हीच चांगली सीट. मी म्हणायचो, उतरायचंच असेल तर गाडी घ्यायची कशाला? तू म्हणायचास, "छोट्या, तुला एक उत्तर हवंय. पाठीचं असं एक उत्तर नसतं." गणिताचा मास्तर असून असं बोलायचास.

मला उत्तर हवं होतं, हे खरं. मला अशी एक गाडी हवी होती, की तिच्यात बसून तू म्हणशील, आता दुखत नाही. म्हणजे मग मागची सगळी वर्षं मिटली असती. हे तुला कळत होतं का? मला वाटतं, कळत होतं. नाहीतर तुझ्यासारखा माणूस माझ्या वहीसाठी आठ-आठ गाड्यांमध्ये बसला नसता.

आता नववी.

तो शनिवार. सगळी मापं जुळली होती. डोक्यावर मूठ होती, गादी गुडघ्यापर्यंत होती, स्टिअरिंग जवळ येत होतं. झाशी रोडला गाडी काढली तेव्हा मी शेजारी वही उघडून बसलो होतो आणि चष्मेवाला मागे. मी आतून इतका खूश होतो की तुझ्याकडे बघतही नव्हतो, वहीकडे बघत होतो.

"छोट्या," तू म्हणालास, "आज वर दुखतंय. इथे, दोन्ही खांद्यांच्या मधे."

मी म्हणालो, पाठीचा टेकू वर लागत असेल, बाजूला खटका आहे, खाली घे. तू घेतलास. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा म्हणालास, "ते नाही रे. हे वेगळंच काहीतरी आहे."

आणि मी वही मिटली. जोरात मिटली. म्हणालो, "दादा, तुझ्या पाठीला जगातली कुठलीच गाडी चालणार नाही. नऊ झाल्या. आता पुरे कर."

चष्मेवाल्याला मराठी येत नव्हतं, पण सूर कळला असावा. तो खिडकीबाहेर बघायला लागला. तू "बरं" म्हणालास. तेवढंच. आणि शोरूमला परत आल्यावर त्याला म्हणालास, "गाड़ी बढ़िया है. यही लेंगे, गुड़ी पड़वे पे." तू उतरलास तेव्हा मी कान देऊन होतो. तुझ्या तोंडून काही आलं नाही. मी वही परत उघडली आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, "नाही". माझ्या अक्षरात ते तिथे आहे. तू दात आवळून धरले होतेस, हे मला त्या क्षणी दिसलं होतं की मागाहून दिसायला लागलं, ते आता मला सांगता येत नाही.

परत येताना आपली जुनी गाडी तूच चालवलीस. आण, मी चालवतो, एवढं म्हणायला हवं होतं. पण मी फुगून बसलो होतो. पन्नाशीचा माणूस फुगतो, दादा, आणि तेही मनासारखं झाल्यावर. नया बाजारात मला नकाशांच्या प्रिंटा घ्यायच्या होत्या, मी उतरलो. तू काच खाली केलीस आणि विचारलंस, "उद्या रविवार. सकाळी नाश्त्याला गरम बेडई आणू का?"

मी म्हणालो, "बघू."

हे आपलं शेवटचं बोलणं.

पहाटे वहिनीने जिन्यातून हाक मारली. आपल्या गाडीत तुला आडवं करता येईना, म्हणून शेजाऱ्यांची मोठी गाडी काढली. कंपूत पोचलो तेव्हा डॉक्टरला फारसं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. हार्टचं होतं, म्हणाला. कधीकधी छातीत दुखतच नाही, पाठीत दुखतं, खांद्यांच्या मधे. मग त्याने विचारलं, "कल कुछ बताया था इन्होंने?"

वहिनी म्हणाली, "बताया था. बोले, ऊपर दर्द है. पीठ तो इनकी हमेशा की है साहब. मैंने बाम लगा दिया."

मी तिथेच उभा होतो. या वेळीही तुझी फाइल माझ्याच हातात होती. मी बोललो नाही.

यापुढचं लिहायला मला सगळ्यात जड जातंय. पंधरा दिवस माणसं येत होती आणि पंधरा दिवस वहिनी प्रत्येकीला तेच सांगत होती. "मला म्हणाले होते, वर दुखतंय. मी बाम चोळला आणि झोपा म्हटलं. मला कसं नाही कळलं?" बायका म्हणायच्या, तुझा काय दोष, नशीब. मी त्याच खोलीत पाणी देत असायचो, खुर्च्या सरकवत असायचो. तिच्या आधी दोन तास तू मला सांगितलं होतंस. दिवस होता, मोठा रस्ता होता, गाडी तुझ्या हातात होती. तीच कंपूकडे वळवली असती तर. तिने निदान हात फिरवला तुझ्या पाठीवरून. मी ओरडलो. आणि तुझ्या पाठीचं सगळं माझ्या वहीत लिहिलेलं होतं, म्हणून मला ऐकायची गरजच वाटली नाही. ती रोज स्वतःला फाडून खात होती आणि मी खुर्च्या सरकवत होतो.

काल दुपारी बुकिंग रद्द करायला निघालो, तर वहिनी म्हणाली, "भाऊजी, मीही येते. मला बघायचीय ती." किल्ली खिळ्यावर होती, तू अडकवलीस तशीच. त्या दिवसापासून जुन्या गाडीला कोणी हात लावला नव्हता. वहिनी शेजारी येऊन बसली. मी दार उघडलं, बसलो, पाय क्लचला बरोबर पोचले, आणि किल्ली फिरवायला गेलेला हात तसाच राहिला.

ही गाडी शेवटची तू चालवली होतीस.

सीट मागे असायला हवी होती. शेवटच्या खाचेत. माझे पाय लोंबायला हवे होते. आणि मग एकेक लक्षात यायला लागलं. नऊ वर्षांत एकाही संध्याकाळी मला सीट पुढे घ्यावी लागली नव्हती. दार उघडायचो आणि बसायचो. मला वाटायचं, सीट माझ्या जागेवरच असते. तू रोज सकाळी ती मागे ढकलतोस हे ऐकत असूनही, ती संध्याकाळी परत पुढे कशी येते, हा प्रश्न मला पडला नाही. सकाळचा आवाज मला यायचा. दुपारी मी ऑफिसात असायचो.

त्या सीटची दांडी खाली असते. बसल्या बसल्या तुला ती पुढे घेता आली नसती, गुडघे अडकले असते. आधी बाहेर यायचं, मग कमरेत वाकून हात सीटखाली घालायचा, दांडी उचलायची आणि ओढायचं. डबऱ्याहून आल्यावर, कमरेला पट्टा बांधून, रोज. आणि त्या शनिवारीसुद्धा. मी नया बाजारात "बघू" म्हणून उतरलो त्यानंतर. तुला तसं दुखत असताना.

वहिनी म्हणाली, "काय झालं? चालू होत नाहीये का?"

मी म्हणालो, "वहिनी, दादाने मलाही सांगितलं होतं. त्या दिवशी, गाडीत. वर दुखतंय म्हणाला. दोनदा म्हणाला. मी त्याच्यावर ओरडलो."

ती समोर बघत राहिली. बाहेर गल्लीत भाजीवाला मटार ओरडत होता, तो फाटकाशी थांबला, वाट बघून पुढे गेला.

"किती वाजता?" तिने विचारलं.

"साडेपाच असतील."

तिने मान हलवली. म्हणाली, "म्हणजे मी एकटीच नव्हते." मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "काढा गाडी."

ती रडली असती, काही बोलली असती, तर मला सोपं गेलं असतं. फूलबागेच्या सिग्नलला गाडी उभी राहिली तेव्हा माझ्याकडे न बघता एकदाच म्हणाली, "पंधरा दिवस, भाऊजी." सिग्नल सुटला, मी गाडी काढली. ती मला माफ करेल की नाही, मला माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही. पण काल संध्याकाळी समाचाराला एक बाई आल्या होत्या, त्यांना ती बामाचं काही बोलली नाही. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

शोरूममध्ये चष्मेवाल्याला सांगितलं तेव्हा तो उठून उभा राहिला. वहिनी ती गाडी बघायचं म्हणाली. तीच गाडी, त्याच जागी उभी होती. ती चालवणाऱ्याच्या सीटवर बसली, तिचे पाय कुठेच पोचत नव्हते. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग एक हात वर नेला, स्वतःच्या डोक्यापासून वर, तुझं डोकं जिथे आलं असतं तिथपर्यंत, आणि तिथून छतापर्यंत मूठ धरून पाहिली.

"लागलं नसतं," ती म्हणाली.

"नसतं लागलं," मी म्हणालो.

तिथून घरी आलो. गाडी आत घेतली. वहिनी फाटक लावायला मागे थांबली होती. मी उतरलो, आणि उतरून पुन्हा आत वाकलो, सीटखाली हात घातला, दांडी उचलली आणि सीट मागे सारली. खट्, खट्, आणि शेवटचा जोरात. वहिनी फाटकाची कडी धरून बघत होती.

तुझा माझा वाद तू जिंकलास, दादा. चांगली सीट असं काही नसतं. आणि दोन सेकंदांचं काम मी म्हणालो होतो, तेही खोटं आहे. आधी बाहेर यावं लागतं, मग परत आत. दांडी खोल आहे, हाताला लवकर सापडत नाही. माझ्यासारख्या बुटक्यालासुद्धा बरंच वाकावं लागतं.